पीअर-टू-पीअर वाहतूक ओळखायची कशी?

जबलपूर : येथील पंडित द्वारकाप्रसाद मिश्र भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्थेसारख्या निवासी संकुलांत वर्ग, प्रयोगशाळा आणि वसतिगृहे यांना उपलब्ध बँडविड्थ वाटून घ्यावी लागते. त्यामुळे जाळ्यावरून नेमके काय वाहते आहे, हे कळणे व्यवस्थापकांना आवश्यक असते. त्यात सर्वांत अवघड ठरते ती पीअर-टू-पीअर वाहतूक. या पद्धतीत मध्यवर्ती सर्व्हरऐवजी वापरकर्त्यांचे संगणकच एकमेकांना फायलींचे तुकडे पुरवतात. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेले बिटटॉरंट हे तिचे ठळक उदाहरण.

ओळखण्याचे मार्ग तीन. पहिला पोर्ट क्रमांकाचा : बिटटॉरंट सुरुवातीला ६८८१ ते ६८८९ हे पोर्ट वापरी. पुढे प्रणाली कोणताही पोर्ट निवडू लागल्या आणि ही खूण निकामी झाली. दुसरा मार्ग पॅकेटमधील मजकूर तपासण्याचा. बिटटॉरंटच्या पहिल्या संदेशात १९ हा आकडा व त्यापुढे प्रोटोकॉलचे नाव असते. मात्र संदेश कूटबद्ध केल्यास ते दिसत नाही. शिवाय या तपासणीत वापरकर्त्याच्या खासगीपणाचा प्रश्न येतोच.

तिसरा मार्ग वर्तनाचा. थॉमस कराजियानिस व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मजकूर न उघडता दोन खुणा सुचवल्या : त्याच दोन संगणकांत टीसीपी व यूडीपी या दोन्ही प्रोटोकॉलचा वापर, आणि एखाद्या संगणकाशी जोडलेले पत्ते व पोर्ट यांची जवळपास सारखी संख्या. पहिली खूण डीएनएससारख्या सेवांतही आढळते. म्हणून त्या आधी वगळाव्या लागतात.

तरीही ओळख पटली म्हणजे गैरप्रकार सिद्ध झाला, असे नव्हे. लिनक्सच्या आवृत्त्या टॉरंटद्वारे वितरित होतात. विंडोज १० ची अद्यतनेही संगणक एकमेकांना पुरवू शकतात. बनावट पॅकेटे पाठवून ग्राहकांच्या बिटटॉरंट जोडण्यांत अडथळा आणल्याबद्दल अमेरिकेच्या संचार आयोगाने २००८ मध्ये कॉमकास्ट कंपनीवर ठपका ठेवला. तो आदेश २०१० मध्ये न्यायालयाने रद्द केला. भारतात दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये स्वीकारलेली नेट समानतेची तत्त्वे सेवा पुरवठादारांना मजकुराबाबत भेदभाव करण्यास मनाई करतात. वाजवी वाहतूक व्यवस्थापनाला मात्र मुभा आहे. त्यामुळे सरसकट बंदीपेक्षा गर्दीच्या वेळी प्रत्येक वापरकर्त्यास समान वाटा देणे हा अधिक न्याय्य उपाय ठरतो.