कानातली वायर आणि बिनवायरची बोंडं

सध्या आपल्या गटांच्या बैठकांतून एकच प्रश्न फिरतो आहे. गटाच्या रेकॉर्डिंगसाठी आणि ऑनलाइन बैठकांसाठी बिनवायरचे बड घ्यायचे, की डोक्यावरून येणारा, दोन्ही कान झाकणारा वायरचा हेडफोन? हजाराच्या आतबाहेर दोन्ही मिळतात. पण पैसा गटाचा, म्हणजे महिन्यामहिन्यानं साठवलेला. म्हणून आज आपण ही वस्तू आली कुठून, ते पाहू.

कानाला यंत्र लावून पोट भरणाऱ्यांत बायका फार आधीपासून आहेत. १८७८ साली अमेरिकेत बोस्टनच्या टेलिफोन केंद्रात एम्मा नट कामाला लागली. तिला जगातली पहिली महिला टेलिफोन ऑपरेटर मानतात. तिच्याआधी हे काम पोरं करायची आणि ग्राहकांशी उद्धट बोलायची. पुढं हे काम बायकांचंच झालं. समोर भोकांची फळी, हातात पिन लावलेली वायर. आपल्या फोनला असलेलं साडेतीन मिलिमीटरचं गोल भोक म्हणजे त्या फळीचंच धाकटं भावंड. मुंबईत टेलिफोन केंद्र १८८२ साली सुरू झालं.

दोन्ही कानांना बसणारा चांगला हेडफोन अमेरिकेतल्याच नॅथॅनियल बाल्डविन यांनी घरच्या स्वयंपाकघरात तयार केला आणि १९१०च्या सुमारास तिथल्या नौदलाला पाठवला. नौदलानं मागणी नोंदवली. स्वयंपाकघरात कोणाकोणाची लुडबुड झाली असेल, ते इतिहास लिहिणारे सांगत नाहीत!

मग रेडिओ आला. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. त्या काळच्या स्वस्त क्रिस्टल सेटला ना वीज लागायची ना बॅटरी, पण आवाज इतका बारीक की हेडफोन कानाला लावल्याशिवाय ऐकू येत नसे. म्हणजे एका वेळी एकच माणूस ऐकणार. घरातलं ते एक माणूस कोण, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पुढं मोठ्या आवाजाचे सेट आले, टपाल खात्याचा परवाना काढून ते घरात ठेवावे लागत. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत लोकांनी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा आणि नंतर त्यावर बोलायचं. असं दहा आठवडे चाललं. आपल्या बैठकीची ती जुनी आत्याच म्हणा.

ऐकणं पुन्हा एकट्याचं केलं ते जपानच्या वॉकमननं, १ जुलै १९७९ रोजी. गंमत अशी की त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. बिनवायरची ब्लूटूथची कल्पना १९९०च्या दशकात स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत वाढली. हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या जुन्या राजावरून तिला नाव मिळालं. २०१६ साली ॲपलनं आपल्या नव्या फोनमधलं गोल भोकच काढून टाकलं. मग इतर कंपन्याही त्या वाटेनं गेल्या आणि बडचा बाजार वाढला.

आपल्यासाठी खरी गोष्ट इथं आहे. फोनमधल्या एफएम रेडिओला लहरी पकडायला अँटेना लागतो, आणि बहुतेक फोनमध्ये हेडफोनची वायर हाच तो अँटेना असतो. वायर नसली की एफएम लागत नाही. बड कानात असले तरी रेडिओ मुका. मग तेच भाषण नेटवर ऐका आणि डेटा घालवा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं मोबाईल कंपन्यांना फोनमधला एफएम बंद न ठेवण्याची सूचना केली, ती उगाच नाही. सामुदायिक रेडिओचा प्रक्षेपक लहान, जेमतेम शंभर वॅटचा. त्याची हाक दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडं क्वचितच जाते. ती ऐकायला वायर पाहिजे.

रेकॉर्डिंगलाही आम्ही वायरच म्हणू. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो, त्यामुळे बोलता बोलता स्वतःचा आवाज तपासता येत नाही. झाकलेल्या कानांना मागचा पंखा, कोंबडा, मोटरसायकल लगेच कळते. वायर तुटली तर तालुक्याच्या दुकानात डाग देऊन जोडता येते. बडमधली इवली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि बदलता येत नाही. वेचणीच्या ओटीत एक बड पडला तर पांढऱ्या बोंडांत पांढरं बोंड शोधत बसा!

तरी बडला नावं ठेवायची नाहीत. यवतमाळच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना कान झाकून बसणं सोपं नाही. शिवाय एकच बड लावला तर दुसरा कान पोराच्या रडण्याला, रस्त्याला मोकळा राहतो. ज्यांच्या फोनला भोकच नाही आणि ज्या गावोगाव फिरून कॉल घेतात, त्यांनी बड घ्यावेत. वावरात किंवा रस्त्यावर मात्र दोन्ही कान बंद नकोत. आवाजाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, एवढीच मर्यादा सांगते.

खरेदीआधी फोनचं गोल भोक आहे का पाहा, दुकानातच एफएम लावून बघा. पावती गटाच्या नावानं घ्या, आणि हेडफोन कोणाकडे आहे ते नोंदवहीत लिहा.