ई-चलान कोर्टात गेलं तर? रेकॉर्ड कुठे शोधायचं, कधी भरायचं आणि कधी लढायचं

मागच्या वर्षी मी माझी स्कूटर विकायला काढली होती. गाडी बघायला आलेल्या मुलाने चहा पिता पिताच मोबाइलवर माझ्या गाडीचा नंबर टाकला आणि म्हणाला, "दादा, हिच्यावर दोन चलान दिसतायत." एक ५०० रुपयांचं, विनाहेल्मेट. ते माझंच होतं, नाकारण्यात अर्थ नव्हता. दुसरं १००० रुपयांचं, वेगमर्यादा ओलांडल्याचं. ते अशा शहरातलं होतं जिथे मी ही स्कूटर कधी नेलीच नव्हती.

व्यवहार मोडू नये म्हणून मी दोन्ही चलान तिथेच भरायला निघालो होतो. सहज म्हणून दुसऱ्या चलानाचा फोटो उघडला. फोटोत काळी मोटरसायकल! माझी स्कूटर पांढरी. त्या गाडीच्या नंबरप्लेटवर चिखल होता आणि शेवटचा ३ हा ८ सारखा दिसत होता. एवढ्याशा चिखलामुळे कुणाचा तरी दंड माझ्या नावावर आला होता.

त्या दिवसानंतर मी हा सगळा प्रकार नीट समजून घेतला. तोच आज सोप्या भाषेत सांगतो.

आधी हे लक्षात घ्या: चलान म्हणजे बिल नाही

आपण लाइटबिल भरतो तसं चलान भरून टाकतो. पण चलान हा एक आरोप असतो. "तुमच्या गाडीने मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं अमुक कलम मोडलं" असं पोलीस म्हणतात. याच कायद्याच्या कलम २०० नुसार ठरावीक गुन्ह्यांमध्ये पोलीस स्तरावरच दंड भरून प्रकरण मिटवता येतं. याला तडजोड शुल्क म्हणतात. ते भरलं की विषय संपतो, कोर्टात जावं लागत नाही.

ते भरलं नाही, तर प्रकरण कोर्टाकडे जाऊ शकतं. आणि दारू पिऊन गाडी चालवण्यासारखे गुन्हे या तडजोडीच्या यादीतच नाहीत. ते थेट कोर्टाचे विषय आहेत.

म्हणजे एकाच चलानाचं रेकॉर्ड तीन वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतं. आपण सहसा एकच ठिकाण बघतो आणि "माझ्यावर काहीच नाही" असं समजतो. गडबड इथेच होते.

ठिकाण पहिलं: पोलिसांचं रेकॉर्ड

महाराष्ट्रातल्या गाडीसाठी महाराष्ट्र वाहतूक पोलिसांची ई-चलान वेबसाइट किंवा महाट्रॅफिक ॲप उघडा.

१. गाडीचा नंबर टाका.
२. चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे ४ आकडे टाका. हे आरसीवर असतात. आरसी हाताशी नसेल तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये बघा.
३. चलानांची यादी आली की प्रत्येक चलान उघडा. तारीख, वेळ, ठिकाण, कलम आणि फोटो, या पाच गोष्टी बघा.
४. फोटोचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा.

गाडी परराज्यात गेली असेल, तर केंद्र सरकारच्या परिवहन ई-चलान पोर्टलवरही शोधा. तिथे चलान नंबर, गाडी नंबर किंवा लायसन्स नंबर टाकून माहिती मिळते. गोव्याला दुचाकीवर फिरून आलेल्यांनी तर नक्कीच बघा!

ठिकाण दुसरं: व्हर्च्युअल कोर्ट

हे अनेकांना माहीतच नसतं. किरकोळ वाहतूक प्रकरणांसाठी कोर्टात रांगा लागू नयेत म्हणून ऑनलाइन कोर्ट सुरू झालं. देशातलं असं पहिलं कोर्ट २०१९ मध्ये दिल्लीत सुरू झालं. महाराष्ट्रातल्या वाहतूक चलानांसाठी ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल इथे व्हर्च्युअल कोर्टाचं उद्‌घाटन झालं. इथे न्यायाधीश कागदपत्रं स्क्रीनवर बघून दंडाची रक्कम ठरवतात.

शोधायचं असं:

१. व्हीकोर्ट्स डॉट जीओव्ही डॉट इन ही वेबसाइट उघडा.
२. यादीतून राज्य आणि विभाग निवडा. काही राज्यांची एकापेक्षा जास्त नावं दिसतात. उदाहरणार्थ, दिल्लीचा नोटीस विभाग वेगळा आणि वाहतूक विभाग वेगळा. एकात काही सापडलं नाही तर दुसऱ्यातही बघा.
३. मोबाइल नंबर, सीएनआर नंबर, नाव किंवा चलान/गाडी नंबर, यापैकी एकाने शोधा.
४. प्रकरण उघडलं की गुन्हा आणि प्रस्तावित दंड दिसेल.

त्याखाली दोन पर्याय असतात. एक, प्रस्तावित दंड भरायचा आहे. दोन, केस लढवायची आहे. इथे बोट थांबवा. पहिला पर्याय निवडून पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. केस तिथेच निकाली निघते. दुसरा पर्याय निवडला, तर केस त्या हद्दीतल्या नेहमीच्या कोर्टाकडे जाते आणि तिथे तुमची बाजू ऐकली जाते.

माझा एक मित्र डिलिव्हरीचं काम करतो. त्याच्या गाडीवर चुकीचं चलान आलं होतं. "कुठे वेळ घालवायचा" म्हणून त्याने आधी पैसे भरले आणि मग तक्रार करायला गेला. सगळीकडे एकच उत्तर मिळालं: तुम्ही कबूल केलंय, आता काय करणार? पैसे गेलेच, वर तो गुन्हा त्याच्या नावावर नोंदला गेला. पुढच्या वेळी तेच कलम लागलं तर ती दुसरी चूक धरली जाऊ शकते. कलम १७७ चंच बघा ना. पहिल्यांदा दंड ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी १५०० पर्यंत.

ठिकाण तिसरं: नेहमीचं कोर्ट

केस नेहमीच्या कोर्टात असेल, तर ती ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या सरकारी ॲपवर किंवा वेबसाइटवर दिसते. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सीएनआर नंबर. हा १६ अक्षर-आकड्यांचा असतो आणि प्रत्येक केसचा वेगळा. केसचा आधार नंबरच समजा. महाराष्ट्रातल्या केसचा सीएनआर ‘एमएच’ने सुरू होतो.

सीएनआर नसेल तर जिल्हा आणि कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावाने शोधा. नावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, कारण आरसीवर जसं छापलंय तसंच कोर्टात गेलेलं असतं. केस सापडली की पुढची तारीख बघा आणि ॲपमध्ये ती सेव्ह करून ठेवा.

समन्स आलं असेल, तर ते ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका. तारखेला गैरहजर राहिलात तर कोर्ट वॉरंट काढू शकतं. ५०० रुपयांच्या दंडासाठी एवढं डोक्याला ताप करून घेण्यात अर्थ नाही.

लोकअदालतीचा मेसेज आला म्हणजे केस झाली का?

नाही. खूप जणांना राष्ट्रीय लोकअदालतीचा मेसेज येतो आणि पोटात गोळा येतो. न भरलेली चलानं बऱ्याचदा दाखलपूर्व प्रकरण म्हणून तिथे ठेवली जातात. दाखलपूर्व म्हणजे केस अजून कोर्टात दाखल झालेलीच नाही. त्यामुळे ई-कोर्ट्सवर शोधून काही सापडलं नाही, तर घाबरू नका आणि मेसेज खोटा आहे असंही लगेच ठरवू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा वाहतूक शाखेत विचारून घ्या.

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते. तिथे रक्कम कमी होऊ शकते, पण होईलच असं नाही. "लोकअदालतीत सगळं माफ होतं" हे फॉरवर्ड मेसेज वाचून वर्षभर थांबू नका. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: लोकअदालतीत दोघांच्या संमतीने झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून चलान तुमचंच असेल तर लोकअदालत चांगली. चलान चुकीचं असेल तर आधी हरकत नोंदवा.

चलान चुकीचं असेल तर काय करायचं?

मी जे केलं तेच सांगतो.

१. पैसे भरले नाहीत. हे सगळ्यात महत्त्वाचं.
२. चलानाचा फोटो, माझ्या स्कूटरचे समोरून, मागून आणि बाजूने काढलेले फोटो आणि आरसी असं सगळं एका फोल्डरमध्ये ठेवलं.
३. त्या दिवशी मी कुठे होतो याचा पुरावा शोधला. ऑफिसची हजेरी सापडली. तुमच्या मोबाइलवर गुगल मॅप्सची टाइमलाइन चालू असेल तर तीही बघा. पेट्रोलचं यूपीआय पेमेंटही कामाला येतं.
४. ऑनलाइन तक्रार नोंदवली आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवला. तक्रारीत फक्त चार ओळी लिहिल्या: चलान नंबर, फोटोतली गाडी काळी मोटरसायकल, माझी पांढरी स्कूटर, नंबर चुकीचा वाचला गेलाय.
५. बरेच दिवस उत्तर आलं नाही, तेव्हा प्रिंट घेऊन स्वतः वाहतूक शाखेत गेलो. तिथल्या हवालदारांनी फोटो मोठा करून बघितला आणि हसून म्हणाले, "हे तर दिसतंयच की." त्यानंतर काही दिवसांनी ते चलान यादीतून गेलं.

तो गिऱ्हाईक मात्र तोवर दुसरी गाडी घेऊन मोकळा झाला होता. म्हणून सांगतो, गाडी विकायच्या दिवशी नाही, आजच बघा.

फोटोत तुमच्यासारखीच गाडी, तोच रंग आणि तोच नंबर असेल, पण ती गाडी तुमची नसेल, तर प्रकरण गंभीर आहे. कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. अशा वेळी वाहतूक शाखेवर थांबू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. उद्या त्या गाडीने अपघात केला तर पोलीस आधी तुमच्याच दारात येतील.

खोट्या चलानाच्या जाळ्यात अडकू नका

व्हॉट्सॲपवर "तुमचं चलान आलंय, ही फाइल उघडा" असा मेसेज येतो आणि सोबत एपीके फाइल असते. ती उघडू नका. सरकारी चलान कधीही एपीके फाइलने येत नाही. ती फाइल इन्स्टॉल झाली की मोबाइलमधले ओटीपी चोरांच्या हातात जातात.

लिंक आली तरी तिच्यावर टॅप न करता स्वतः वेबसाइट उघडा. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन आहे का ते बघा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातातून सुटतात.

नेहमी पडणारे प्रश्न

*गाडी मी विकली, तरी चलान मलाच का येतंय?*
कारण आरसीवर अजून तुमचंच नाव आहे. चलान नोंदणीकृत मालकाच्या नावावर निघतं. कायद्यानुसार विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० भरा. नुसत्या नोटरीवर आणि विश्वासावर गाडी देऊ नका.

*सेकंड हँड गाडी घेताना काय बघू?*
आधी सांगितलेली तिन्ही ठिकाणं. जुनी चलानं आधीच्या मालकाकडून भरून घ्या, मगच पैसे द्या.

*पैसे कट झाले, पण चलान अजून बाकी दिसतंय?*
लगेच पुन्हा भरू नका. व्यवहार क्रमांक आणि बँकेचा मेसेज जपून ठेवा, थोडा वेळ थांबून पुन्हा तपासा. तरीही तसंच दिसलं तर व्यवहार क्रमांकासकट तक्रार करा.

*कॅमेऱ्याचं चलान किती दिवसांत कळवायला हवं?*
ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ नुसार, कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवायची असते. फार उशिरा कळलं असेल तर तुमच्या हरकतीत तो मुद्दा जरूर लिहा. आणि आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही तपासा. जुना, बंद पडलेला नंबर असेल तर मेसेज येणार कुठून?

*वकील करावा लागेल का?*
साध्या चलानात स्वतः बाजू मांडता येते. मदत हवी असेल तर १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर विचारा. महिला, अनुसूचित जाती-जमातीतले लोक, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकील मिळू शकतो.

थोडक्यात सांगायचं तर

चूक तुमची असेल तर दंड वेळेत भरा, पावती सेव्ह करा आणि हेल्मेट घाला. चूक तुमची नसेल तर एक रुपयाही भरण्याआधी फोटो उघडून बघा. मी हेल्मेटचे ५०० रुपये निमूटपणे भरले, पण ते १००० वाचवले. खरं तर पैशांपेक्षा, न केलेला गुन्हा कबूल करण्यापासून वाचलो. आता आरसी काढा, शेवटचे चार आकडे बघा आणि आपल्या गाडीचा नंबर एकदा टाकून बघाच. घरातल्या बाबांच्या आणि ताईच्या गाडीचाही!