जेल नेलपेंट घरी कसं काढायचं? नखांना इजा न होऊ देता काढण्याची पद्धत

लग्नासाठी म्हणून पार्लरमध्ये लावलेलं जेल नेलपेंट दोन-तीन आठवडे चकचकीत राहतं. मग एका कोपऱ्यातून ते सुटायला लागतं. लोकलमध्ये, मीटिंगमध्ये, टीव्ही बघताना बोट सारखं तिथेच जातं आणि बघता बघता अख्खा थर सोलून निघतो. खाली दिसतं ते खडबडीत, पांढरे चट्टे पडलेलं, पातळ नख.

दोष दिला जातो जेलला. पण नखांचं बरंचसं नुकसान होतं ते जेल ओढून किंवा खरवडून काढल्यामुळे. नख म्हणजे केराटिन या प्रथिनाचे एकमेकांवर घट्ट बसलेले पातळ थर. चिकटलेलं जेल ओढलं की नखाचे वरचे थरही त्याच्यासोबत निघून येतात.

साध्या रिमूव्हरने का निघत नाही?

साधं नेलपेंट हवेत वाळतं आणि रिमूव्हर लावला की पुन्हा विरघळतं. जेलचं तसं नाही. यूव्ही किंवा एलईडी दिव्याखाली त्यातले रेणू एकमेकांना जोडले जाऊन घट्ट जाळी तयार होते. ॲसिटोन या जाळीत हळूहळू शिरतं, ती फुगते आणि नखावरची तिची पकड सैल होते. याला वेळ लागतो. 'ॲसिटोन-फ्री' रिमूव्हरचा इथे फारसा उपयोग होत नाही.

जेल काढायचं कसं?

1. खिडकी उघडा. ॲसिटोन पटकन पेट घेतं. त्यामुळे गॅसची शेगडी, देवापुढचा दिवा, उदबत्ती यांच्या जवळ बसू नका. ॲसिटोन कधीही गरम करू नका.

2. नेल फाइलने फक्त वरची चमक घासून काढा. वरचा कोट खरखरीत झाला की ॲसिटोन आत शिरतं. रंग निघेपर्यंत घासू नका, नखापर्यंत तर नाहीच.

3. नखाभोवतीच्या त्वचेला पेट्रोलियम जेली लावा. ती नखावर लागू देऊ नका.

4. नखाएवढा कापसाचा तुकडा शुद्ध ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवा आणि वरून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. पोळ्यांच्या डब्यासाठी वापरता ती फॉइल चालेल. अख्खी बोटं वाटीत बुडवली तर त्वचा विनाकारण कोरडी पडते.

5. 10 ते 15 मिनिटं थांबा. मग एकाच बोटाची फॉइल काढून बघा. जेल सुरकुतून उचललं गेलं असेल, तर लाकडी काडीने अलगद बाजूला सारा.

6. काडीला जोर लावावा लागतोय? मग जेल अजून तयार नाही. कापूस पुन्हा भिजवा आणि आणखी 5 मिनिटं थांबा. बहुतेकांची घाई इथेच होते आणि नखं इथेच खराब होतात.

नंतर काय करायचं?

हात साबणाने धुवा. नखांना आणि भोवतीच्या त्वचेला खोबरेल तेल किंवा क्रीम चोळा. पुढचे काही दिवस हे दिवसातून दोन-तीनदा केलं तर कोरडेपणा कमी होतो.

नख आधीच पातळ झालं असेल तर?

बाहेर दिसणारं नख हे मृत पेशींचं असतं, त्यामुळे ते जखमेसारखं भरून येत नाही. तेलाने ते मऊ राहील, पण जाड होणार नाही. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं आणि पूर्ण नवं नख यायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात. तोवर नखं आखूड ठेवा आणि शक्यतो पुन्हा जेल लावू नका.

घरी कधी काढू नये?

हार्ड जेल एक्स्टेन्शन ॲसिटोनने निघत नाही. ते पार्लरमध्ये घासूनच काढावं लागतं. नखाभोवती सूज, पू किंवा जखम असेल, नख खालून सुटलं असेल किंवा हिरवट-काळं दिसत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

जेल लावल्यावर बोटांना खाज किंवा पुरळ येत असेल, तर ती ॲक्रिलेट या घटकाची ॲलर्जी असू शकते. हा घटक दातांच्या काही फिलिंगमध्येही असतो. त्यामुळे तशी ॲलर्जी असल्याचं निदान झालं, तर दंतवैद्यांनाही आवर्जून सांगा.

एकूण काम अर्ध्या तासाचं आहे. ते दोन मिनिटांत उरकलं, तर पुढचे सहा महिने नखांकडे बघत बसावं लागतं.