मळीचं पाणी आणि गाळाचं विरजण

मी शाळेत असताना एका उन्हाळ्यात कळसमधल्या आमच्या विहिरीचं पाणी चहासारखं झालं. आजोबांनी बादली हुंगली आणि म्हणाले, "मळीचं पाणी." ते आलं कुठून, हे कधी ठरलंच नाही.

आपल्याकडे ऊस वाढला तो नीरा डाव्या कालव्यावर. कालवा 1885 चा. उसामागून साखर कारखाने आले, मग मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरी. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण 8 ते 15 लिटर तपकिरी, आंबट सांडपाणी निघतं. त्याला स्पेंटवॉश म्हणतात. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं, घरगुती सांडपाण्याच्या शंभरपटीहून जास्त. ओढ्यात गेलं की मासे गुदमरतात.

यावरचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. 1914 मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा सोडली. तळाशी बसलेला गाळ फेकून न देता त्यांनी पुढच्या सांडपाण्यात मिसळला. आठवड्यांचं काम तासांवर आलं, कारण तो गाळ म्हणजे जिवंत जिवाणू होते. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावावं, तसं. त्यांना दिशा देणारे गिल्बर्ट फाउलर 1916 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

हवेशिवाय जगणारे जिवाणू तर आपल्या ओळखीचेच, गोबरगॅसमधले. स्पेंटवॉश आधी त्यांच्या बंद टाकीत जातो. निघालेला मिथेन बॉयलरमध्ये जळतो. उरलेल्या पाण्याला मग हवा देतात.

तरीही रंग राहतो. तो मेलॅनॉइडिनचा, आणि ते बहुतेक जिवाणूंना पचत नाही. क्षार तर कोणताच जिवाणू खात नाही. म्हणून ते पाणी आटवून जाळतात किंवा प्रेसमडमध्ये मुरवून खत करतात.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा 1969 मध्येच केला. केंद्राचा आला 1974 मध्ये. 2003 पासून तर डिस्टिलरीचं पाणी बाहेर सोडायचंच नाही, असं धोरण आहे. पण विजेचं बिल वाचवायला कुणी रात्री हवेचे पंप बंद केले, तर ते विरजण गुदमरतं आणि सकाळी कागदावर प्रकल्प चालूच असतो.

आमच्या विहिरीचं पाणी आता स्वच्छ दिसतं. आजोबा गेले. बादली वर आली की मी अजून आधी हुंगतो.