प्रत्यारोपित मूत्रपिंड आणि मूत्रमार्गाचा संसर्ग

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली देशातील पहिले मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया बरीच सुरक्षित झाली असली, तरी तिच्यानंतर सर्वाधिक आढळणारा संसर्ग मूत्रमार्गाचाच असतो. सुरुवातीच्या सहा महिन्यांत धोका अधिक असून ई. कोलाय हा जिवाणू त्याचे प्रमुख कारण आहे.

शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिली जाणारी औषधे प्रतिकारशक्ती मंदावतात. त्यामुळे ताप येईलच असे नाही. प्रत्यारोपित मूत्रपिंडाचे मज्जातंतू जोडले जात नसल्याने वेदनाही जाणवेलच असे नाही. म्हणूनच लघवी व क्रिएटिनिनची नियमित तपासणी महत्त्वाची ठरते. प्रतिजैविके परस्पर घेऊ नयेत. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या औषधामुळे रक्तातील टॅक्रोलिमसचे प्रमाण वाढून मूत्रपिंडालाच इजा होऊ शकते.