पानावरील फवारा आणि भुईतील दाणा : डॅमिनोझाइडचा उदय व अस्त

भुईमुगाचे फूल जमिनीवर उमलते. शेंग मात्र जमिनीखाली पोसते. फलधारणेनंतर सुटलेली आर मातीत शिरते व तिच्या टोकाशी शेंग धरते. त्यामुळे पानांवर फवारलेले द्रव्य आणि मनुष्याच्या मुखी जाणारा दाणा यांच्यामध्ये माती व टरफल असा दुहेरी पडदा असतो. हा पडदा कोठवर पुरेसा आहे, हा प्रश्न अमेरिकेतील डॅमिनोझाइडच्या इतिहासाने उपस्थित केला.

पर्णफवारणीचा पाया रोगनिवारणाच्या कार्यात घातला गेला. १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे याने द्राक्षवेलीवरील केवडा रोगासाठी मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण पुढे आणले. ताम्र व गंधक यांचा उपयोग पुढे भुईमुगावरील टिक्का रोगासाठीही होऊ लागला. ही द्रव्ये मुख्यतः पानाच्या पृष्ठभागावर राहून बुरशीला रोखीत. पाने गळाली नाहीत, तर दाणा चांगला भरे. येथे फवाऱ्याचा दाण्याशी संबंध अप्रत्यक्षच होता.

डॅमिनोझाइडचे कार्य याहून भिन्न होते. त्याच्या वाढरोधक गुणाचे वृत्त १९६२ साली प्रसिद्ध झाले. वनस्पतीतील जिबरेलिन या संप्रेरकाच्या निर्मितीत ते अडथळा आणते. परिणामी पेरांची लांबी घटते. अमेरिकेत सफरचंदासाठी ते ‘अलार’ आणि भुईमुगासाठी ‘कायलर’ या नावांनी विकले जाई. पसऱ्या जातींचे वेल माजले, की शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतात. काढणीच्या यंत्राला ओळ नेमकी धरता येत नाही आणि शेंगा मातीत राहतात. वेल आखूड ठेवल्यास ही हानी टळेल, अशी अपेक्षा होती. वेलाची वाढ खरोखरच आटोक्यात आली. उत्पन्नावरील परिणाम मात्र सर्वत्र सारखा आढळला नाही.

तथापि ज्या गुणामुळे हे द्रव्य परिणामकारक ठरले, त्याच गुणात त्याचे वैगुण्य दडलेले होते. पानाने शोषलेले द्रव्य वनस्पतीच्या देहात संचार करते; म्हणून त्याचा अंश धुऊन अथवा टरफल काढून नाहीसा होत नाही. शिवाय उष्णता मिळाल्यास त्यापासून असममित डायमिथाइल हायड्राझिन हे द्रव्य निर्माण होते. भुईमूग बहुधा भाजूनच खाल्ला जात असल्याने ही बाब विशेष महत्त्वाची होती. १९७० नंतरच्या दशकात उंदरांवरील प्रयोगांत या द्रव्यांमुळे अर्बुदे आढळल्याचे अहवाल प्रसिद्ध झाले. १९८५ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अन्नपिकांवरील वापर रद्द करण्याचा विचार मांडला; परंतु तिच्याच वैज्ञानिक सल्लागार मंडळाने उपलब्ध पुरावा अपुरा ठरविला. फेब्रुवारी १९८९ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमाने हा विषय घरोघरी नेला. धोका किती मोठा, याविषयी तज्ज्ञांत तीव्र मतभेद होते. तरीही युनिरॉयल कंपनीने त्याच वर्षी अमेरिकेतील अन्नपिकांसाठीचा वापर स्वतःहून मागे घेतला. शोभेच्या झाडांसाठी मात्र तो चालू राहिला.

या वादात सफरचंदाचेच नाव अधिक गाजले. भुईमूग मागे पडला. वस्तुतः भुईमुगाचा धडा अधिक मूलगामी आहे. सफरचंदावर फवारा प्रत्यक्ष पडतो, ही गोष्ट डोळ्यांना दिसते. भुईतील दाण्याच्या बाबतीत मातीचा पडदाच निश्चिंततेचे कारण ठरू शकतो. त्याच प्रकारचे कार्य करणारे प्रोहेक्साडायोन कॅल्शियम पुढे भुईमुगावर वापरात आले, यावरून वेल आवरण्याची गरज कृत्रिम नव्हती, हे उघड होते. बदलली ती गुणवत्तेची कसोटी. भरलेली शेंग, टपोरा दाणा व सुलभ काढणी यांच्या जोडीला दाण्यात उरलेल्या द्रव्याचा व भाजल्यावर होणाऱ्या त्याच्या रूपांतराचा हिशेब मांडणे अपरिहार्य झाले. पानावरील फवाऱ्याची परीक्षा पानापाशी संपत नाही. ती दाण्यापर्यंत, आणि दाण्याच्याही पुढे चुलीपर्यंत न्यावी लागते.