बदल आणायचा कसा? गिरणीची आणि पापडाची गोष्ट

आम्ही मुंबईच्या अँटॉप हिलवरच्या बचत गटाच्या बायका. गटात नवा नियम आणायचा म्हटलं की कुरबुर ही होतेच. मग हुकूम सोडायचा, की विचारत विचारत पुढे जायचं? आमच्याच शहराच्या इतिहासात या दोन्ही वाटा दिसतात.

पहिली गोष्ट परळ-लालबागच्या कापड गिरण्यांची. १९२० नंतर धंदा मंदावला. मालकांनी ठरवलं, दोन साचे, म्हणजे माग, चालवणाऱ्याने आता तीन चालवायचे. सूतखात्यातही माणसामागे काम वाढवलं. कागदावर हिशेब सरळ होता : माणसं कमी, खर्च कमी. पण साच्यावर उभं राहणाऱ्याला कुणी विचारलं नाही. आपली किंवा शेजाऱ्याची नोकरी जाणार, एवढंच त्याला दिसत होतं. एप्रिल १९२८ मध्ये सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर राहिले. चाळीतल्या बायकांनी ते दिवस कसे काढले असतील, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ऑक्टोबरमध्ये संप मिटला, तो फॉसेट चौकशी समिती नेमायचं ठरल्यावर. म्हणजे ऐकून घेणं शेवटी करावंच लागलं, पण एवढं नुकसान झाल्यावर.

दुसरी गोष्ट गिरगावची. १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. तोच पुढे लिज्जत पापड झाला. पहिल्या पावसाळ्यात ऊन नाही म्हणून चार महिने काम बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह ठेवला. बायका वाढल्या, जागा पुरेना. तेव्हा कुणाला परत न पाठवता पीठ केंद्रावर मळायचं, लाट्या घरी न्यायच्या आणि तयार पापड आणून द्यायचे, अशी नवी रीत पडली. अडचण त्यांची, उपाय त्यांचा आणि नफ्यातोट्यात वाटाही त्यांचाच.

पण तिथे सगळं मऊच होतं असं समजू नका. पापड तपासूनच घेतला जाई. दर्जात सूट नव्हती. नियम कडक होता, पण तो आपलाच आहे असं बायकांना वाटत होतं. गिरणीत काम वाढलं कामगाराचं आणि बचत झाली मालकाची. खरा फरक इथे आहे.

हे आम्ही चुकून शिकलो. गेल्या वर्षी आम्ही एका सभेत जाहीर केलं : पुढच्या महिन्यापासून हप्ता फोनवरूनच भरायचा. तीन वयस्कर बायका यायच्या बंद झाल्या. घरी गेलो तेव्हा कळलं, फोन मुलाच्या हातात असतो, त्याला बचतीचा आकडा कळू द्यायचा नव्हता. आम्ही विचारलंच नव्हतं! आता त्यांचा हप्ता सभेत रोखीने घेतो आणि लगेच वहीत सही करतो. दोघी परत आल्या. तिसरी अजून आलेली नाही.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या सभेत नवा नियम मांडण्याआधी एक फेरी घ्या. याचा त्रास कुणाला होईल आणि फायदा कुणाला, हे प्रत्येकीला बोलू द्या. जी गप्प बसते, तिच्या घरी जाऊन या. नियम त्यानंतर लिहा, आणि लिहिला की सगळ्यांनी पाळा.